आधी कोण?

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव हे तीनेक हजार वस्तीचं गाव. बहुतेक घरं शेतकऱ्यांची, नाहीतर साखर कारखान्यात कामाला जाणाऱ्यांची. १५ ऑगस्ट २०२२ पासून या गावात संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजायला लागला. कारखान्याचा भोंगा आमच्या भागाला नवा नाही. पाळी बदलली की तो वाजतो, रानातली माणसं त्याच्या अंदाजाने भाकरी सोडतात, आणि गळीत हंगाम संपून तो गप्प झाला की काही दिवस चुकल्यासारखं होतं. वडगावचा भोंगा मात्र कुणाला कामाला लावत नाही. तो वाजला की टीव्ही बंद करायचा आणि मोबाइल बाजूला ठेवायचा. मुलांनी अभ्यासाला बसायचं, मोठ्यांनी वाचावं, बोलावं, काहीच सुचलं नाही तर नुसतं बसावं. साडेआठला तोच भोंगा पुन्हा वाजतो आणि ज्याचा तो मोकळा.

हे एकाएकी झालं नाही. टाळेबंदीत शाळा मोबाइलवर आली. पुढे शाळा पुन्हा वर्गात गेली, मोबाइल तेवढा मुलांच्या हातात राहिला. सरपंच विजय मोहिते आणि पंचायतीच्या मंडळींनी दीड तासाची गोष्ट काढली तेव्हा पुरुष मंडळी हसली. मग बायकांना एकत्र बोलावलं. मालिकांचं वेड आपल्यालाही लागलंय हे त्यांनी मोकळेपणी मान्य केलं आणि त्या तयार झाल्या. १४ ऑगस्टच्या सभेत गावाने ठरवलं आणि दुसऱ्याच दिवशी भोंगा वाजला. सुरुवातीला पंचायतीची माणसं घरोघर फिरून आठवण करून देत होती.

शांततेसाठी भोंगा, हे ऐकून आमच्या साताऱ्यातल्या कट्ट्यावर बरीच टिंगल झाली. "आता झोपायला पण भोंगा लावा म्हणावं," एक जण म्हणाले. दुसऱ्यांचं म्हणणं, "घरात काय बघायचं ते पंचायत ठरवणार का?" तिसरे निवृत्त शिक्षक. ते म्हणाले, "ज्याच्या त्याच्या मनावर आहे. ज्याला बंद करायचं त्याने करावं की." हे तिसरं बोलणं सगळ्यांत शहाणपणाचं वाटतं, आणि तिथेच गोम आहे. एकट्याने बंद करून बघा. आपला टीव्ही बंद केला की भिंतीपलीकडची मालिका जास्तच ऐकू येते. पोराच्या हातातला मोबाइल काढून घेतला की ते शेजारच्या घरात जाऊन त्यांच्या पोराच्या खांद्यावरून बघतं. वर आपण घरातले खाष्ट ठरतो ते वेगळंच. बंद करावं असं दहा घरांना वाटत असतं, पण आधी कोण, हा प्रश्न प्रत्येक उंबऱ्याशी अडून बसलेला असतो. भोंगा एवढंच करतो की तो हा प्रश्न मिटवतो. कुणीच आधी नाही, कुणीच नंतर नाही. सात वाजले, सगळ्यांचंच बंद.

माझं माहेर सांगली आणि सासर सातारा, त्यामुळे या दोन्ही गावांमधला रस्ता माझ्या अंगवळणी पडला आहे. उंब्रज, कराड, कासेगाव, पेठ नाका, आष्टा. पूर्वी या रस्त्यावर एसटीत बसलं की गाडीचाच आवाज असायचा: खिडक्यांच्या काचांची खडखड, घंटीची दोरी, तिकिटावर कंडक्टरच्या पंचची टिकटिक. माणसं एकमेकांशी बोलायची तेसुद्धा त्या खडखडाटावरून आवाज चढवून. आता गाड्या बऱ्या झाल्या, काचा गप्प झाल्या आणि ती मोकळी झालेली जागा मोबाइलने घेतली.

अशाच एका दुपारी कराड सोडलं तेव्हा गाडीत चार निरनिराळी विश्वं एकाच वेळी चालू होती. पुढच्या बाकावर कीर्तन, मधल्या बाकावर क्रिकेटचं समालोचन, माझ्या मागे एक मुकादम ऊसतोडीच्या टोळीचा हिशेब स्पीकरवर टाकून बोलत होते, त्यामुळे कुणाची किती उचल बाकी आहे ते अख्ख्या गाडीला कळलं. आणि शेजारच्या बाकावर विशीतला एक पोरगा अर्ध्या अर्ध्या मिनिटाची गाणी अंगठ्याने वर सरकवत होता. एकही गाणं पुरं होत नव्हतं. कासेगावला एक आजी चढल्या, कडेवर तीनचार वर्षांची नात. त्या पोराजवळच बसल्या. थोडा वेळ त्यांनी ऐकून घेतलं. मग अगदी सहज म्हणाल्या, "लेकरा, गाणं लई ग्वाड हाय तुजं. पर हिचा ताप आत्ता कुटं उतरलाय. वाईच निजू दे हिला."

पोरगा ओशाळला. त्याने मोबाइल खिशात घातला आणि नातीच्या डोक्यावर ऊन येत होतं म्हणून उठून पडदा ओढला. इथवर ठीक, कुणीही केलं असतं. मला नवल वाटलं ते पुढचं. आजी कीर्तनवाल्यांना काही बोलल्या नव्हत्या, पण त्यांनी आवाज उतरवला. मुकादमांनी मोबाइल कानाला लावला आणि "नंतर बोलतो" म्हणाले. समालोचन तेवढं चालू राहिलं, पण कुजबुजीत. यातलं कुणी बेशरम नव्हतं. आपल्यामुळे त्रास होतोय हे कळत नव्हतं असंही नाही. पण सगळेच लावतायत, मग मीच का बंद करू, असं प्रत्येकाचं चाललं होतं. एकाने सुरुवात केल्यावर बाकीच्यांना वाट मिळाली.

आता कुणी म्हणेल, बघा, नियमाबियमाची गरज नाही, गोड बोललं की काम होतं. मला ते पटत नाही. त्या आजींकडे बोलायचं धाडस होतं आणि दाखवायला तापातून उठलेलं मूल होतं. ज्याच्याकडे यातलं काहीच नाही, त्याने काय करायचं? रात्रपाळी करून गाडीत डोळा लागलेल्या माणसाने? नुकतंच कुणाचं तरी निधन झाल्याचा निरोप घेऊन निघालेल्या बाईने? शांत बसण्याचा हक्क मिळवण्यासाठी दर प्रवासात आजारी मूल दाखवावं लागू नये, म्हणून नियम लागतो. मुंबईत बेस्टने २०२३ च्या एप्रिलमध्ये बसमध्ये हेडफोनशिवाय गाणी, चित्रफिती लावायला मनाई केली. रेल्वेत रात्री दहानंतर मोठ्या आवाजात बोलायला, वाजवायला बंदी आहे. अशा नियमांमुळे सगळे प्रवासी एका दिवसात सज्जन होत नाहीत. पण जो बोलू इच्छितो त्याच्या पायाखाली जमीन येते. तो तक्रारखोर ठरत नाही, नियम सांगणारा ठरतो.

खरं तर जुन्या करमणुकींना असा नियम फारसा लागत नसे, कारण त्यांचा नियम माणसाच्या अंगातच होता. आमच्या भागात हलगी म्हणजे जीव की प्राण. जत्रेत, मिरवणुकीत, कुस्तीच्या फडात हलगी कडाडली की म्हाताऱ्यांचेही पाय हलायला लागतात. आवाज काही कमी नसतो तिचा. पण हलगीवाल्याचं मनगट दमतं. चामडं उतरलं की जाळावर शेकायला थांबावं लागतं. तेवढ्यात लेझीमवाले घाम पुसतात, पाणी पितात, कुणी तरी कुणाची तरी चौकशी करतं. झांजवाल्याची पण तीच गत. घरातही आजीची गोष्ट राक्षस मरायच्या आत थांबायची, कारण आजीच पेंगायची. प्रत्येक करमणुकीला एक शेवट होता आणि तो कुणाच्या तरी थकव्यातून यायचा.

यंत्राला दमणं माहीत नाही. रील संपली की दुसरी आपोआप सुरू होते. ती सुरू व्हावी अशीच ती बनवलेली असते. मालिकेचा भाग नेमका अशा ठिकाणी तुटतो की उद्या परत बसावंच लागतं. जनित्रात डिझेल आहे तोवर मिरवणुकीत डॉल्बी थांबत नाही. थांबायचं काम आता माणसाने मुद्दाम करावं लागतं, आणि ते एकट्याने होत नाही. वडगावचा भोंगा म्हणजे न दमणाऱ्या यंत्रांसाठी गावाने मिळून ठरवलेलं दमणं, असं मला वाटतं.

डॉल्बीचं नाव निघालं आहे तर राजपथावर जायलाच हवं. साताऱ्याचा राजपथ तसा रुंद नाही. दोन्ही बाजूंना दुकानं, वर जुनी घरं, मध्ये मिरवणूक. आमच्या एका नातेवाइकांचं घर तिथल्या आतल्या बोळात आहे. विसर्जनाच्या रात्री त्यांच्याकडे गेले होते. मिरवणूक अजून नजरेआड होती, पण फळीवरचे पेले आपले आपण सरकायला लागले. देव्हाऱ्यातली बोटभर घंटा कुणी हात न लावता किणकिणू लागली. खिडकीच्या गजाला हात लावला तर गज थरथरत होता. मागच्या खोलीत घरातल्या थोरल्या आत्याबाई कानात कापसाचे बोळे घालून, वर पदर घट्ट बांधून भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. गणपतीच्या दिवसांत आयुष्यभर आरतीची थाळी घेऊन दारात उभी राहणारी बाई, देव दारावरून जात असताना पाठ करून बसली होती.

या बोळातून दिसणारी मंडळाची पोरं परकी नाहीत. गल्लीत कुणाचा अपघात झाला तर रक्त द्यायला पहिली तीच धावतात. २०१९ च्या महापुरात कृष्णेने सांगलीत आयर्विन पुलापाशी ५७ फुटांची पातळी ओलांडली तेव्हा गावोगावच्या मंडळांची अशीच पोरं चपात्या, पाणी, औषधं घेऊन उतरली होती. त्यामुळे त्यांना नुसती हुल्लडबाज म्हणून सोडून देता येत नाही. त्यांच्यातल्या एकाला मी नंतर विचारलं. तो म्हणाला, "काकू, आमच्या छातीत पण धडधडतं. दुसऱ्या दिवशी कान सुन्न. आम्ही बंद करू ओ, पण शेजारचं मंडळ लावणार. मग आमच्या मिरवणुकीत येणार कोण?"

म्हणजे इथेही अडलंय ते तिथेच. नको दोघांनाही आहे. आधी कोण, एवढंच ठरत नाही.

कायदा नाही असं नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम केंद्र सरकारने २००० साली आणले. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती शंभर मीटरपर्यंत शांतता क्षेत्र, तिथे दिवसा ५० आणि रात्री ४०. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. सणासुदीला वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य सरकारला ती वेळ मध्यरात्रीपर्यंत वाढवता येते. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दुसऱ्याच्या कानावर जबरदस्तीने आवाज लादण्याचा हक्क कुणालाही नाही. डेसिबलचं गणितही समजून घेण्यासारखं आहे: दहा डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दहापट होते. ५५ आणि ९५ यांत फरक चाळीसचा दिसतो, प्रत्यक्षात तो दहा हजार पटींचा असतो. ८५ डेसिबल आवाजात आठ तास काम करता येतं असं धरलं, तर १०० डेसिबलला कान जेमतेम पंधरा मिनिटं सुरक्षित. आमच्या मिरवणुका तासन् तास चालतात. २०२३ च्या गणेशोत्सवात सांगली जिल्ह्यातच, तासगाव आणि वाळवा तालुक्यांत, डॉल्बीच्या मिरवणुकीत दोन तरुण दगावल्याच्या बातम्या आल्या. त्या दोन घरांत पुढच्या वर्षी गणपती कसा बसला असेल, हा विचार मनातून जात नाही.

पोलीस डेसिबल मोजायचं यंत्र घेऊन उभे असतात, आकडे टिपतात, मंडळांवर गुन्हे दाखल होतात. ते हवंच. पण तो कागद येतो विसर्जन झाल्यावर, आत्याबाईंनी कानात बोळे घातल्यावर. कायद्याने शिक्षा ठरते. आधी कोण, हे ठरत नाही.

गंमत अशी की ज्या सांगली जिल्ह्यात डॉल्बीच्या भिंती उभ्या राहतात, त्याच जिल्ह्यात मिरज आहे. तिथल्या सतारमेकर गल्लीत भोपळ्यापासून तंबोरा घडतो. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथे एका कारागिरांना जवारी काढताना मी पाहिलं आहे. तारेखाली घोडीवर सुताचा एक बारीक धागा असतो. तो केसभर पुढेमागे सरकवायचा, तार छेडायची, मान तिरकी करून ऐकायचं. पुन्हा सरकवायचा. एका जागी तार एकदम उमलते आणि एकाच तारेतून अनेक स्वर झिरपायला लागतात. ती जागा डोळ्यांना दिसत नाही, ती फक्त ऐकून सापडते. ते काम चालू असताना दुकानात आलेलं गिऱ्हाईकही दारातच थांबतं. "गप बसा" अशी पाटी तिथे नाही. समोरचा काय करतोय ते दिसतं, आणि माणूस आपोआप दम धरतो. उस्ताद अब्दुल करीम खाँ याच मिरजेत राहिले, १९३७ साली ते गेल्यावर इथल्याच दर्ग्याच्या आवारात त्यांना विसावा मिळाला, आणि उरुसात आजही त्यांच्या आठवणीने गवई गातात. ऐकावं कसं, हे आम्हाला बाहेरून कुणी येऊन शिकवावं अशी आमची परिस्थिती नाही.

पण मी वडगावचा भोंगा डोक्यावर घेऊन नाचणार नाही. कट्ट्यावरचा दुसरा प्रश्न, घरात काय बघायचं ते पंचायत ठरवणार का, हा काही फालतू नाही. सात ते साडेआठ ही वेळ मोठी अवघड. विटा-खानापूरकडची हजारो माणसं गलाईच्या धंद्यासाठी देशभर पसरली आहेत. कुठल्या तरी लांबच्या शहरात सोनं गाळणारा मुलगा दुकान आवरून आईला फोन करतो तो याच सुमाराला. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला टीव्ही ही करमणूक नसते, घरात कुणी तरी बोलतंय एवढा आधार असतो. आणि ज्या बाईने मालिका सोडली, तिचा तो दीड तास गेला कुठे? मुलं अभ्यासाला, नवरा पेपर घेऊन ओट्यावर, आणि ती परत चुलीपाशी, असं झालं असेल तर नियमाचं सगळं ओझं एकीवरच आलं. नियम करताना हे विचारायचं असतं की यात कुणाचं काय जातंय, आणि सगळ्यांचं सारखं जातंय का.

यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी गावाने २०२२ च्याच नोव्हेंबरात अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाइल वापरायला बंदी करणारा ठराव केला. हेतू चांगला, पण मला वडगावची रीत जास्त पटते. तिथे मोबाइलला वाईट म्हटलेलं नाही आणि पोरांना तेवढं वेगळं काढलेलं नाही. दीड तास, बस्स. बाप बंद करतो म्हणून पोर बंद करतं. ज्या घरात मोठ्यांच्या हातात मोबाइल आणि तोंडात उपदेश असतो, तिथे पोरं उपदेश ऐकत नाहीत, मोबाइलच बघतात.

मिळून ठरवण्याची सवय या मातीला जुनीच आहे. १९४९ पर्यंत सांगली हा वेगळा जिल्हा नव्हता, त्यातले बरेच तालुके तेव्हा साताऱ्यातच होते. त्या साताऱ्यात १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार चाललं. इतिहासाच्या पुस्तकांत त्याच्या गाड्या अडवण्याच्या, खजिना लुटण्याच्या कथा जास्त येतात. पण त्या सरकारने गावोगाव लोकांचे तंटे सोडवले आणि थोड्या खर्चात लागणारी गांधी विवाहाची लग्नं लावली. लग्नाच्या खर्चाने कर्जबाजारी व्हायची हौस कुणालाच नव्हती. पण साधं लग्न करणारा पहिला बाप कंजूष ठरायचा, त्याच्या लेकीला टोमणे ऐकावे लागायचे. चळवळीने ती लाज काढून घेतली. साधं लग्न हा गरिबाचा नाइलाज राहिला नाही, तो गावाचा मान झाला. पुढच्या काळात दारूच्या दुकानासाठी मतदान आलं: उभी बाटली की आडवी बाटली. गावातल्या निम्म्याहून जास्त बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद. सातारा जिल्ह्यात अनेक गावांनी अशी बाटली आडवी केली. नवऱ्यासमोर एकटी उभी राहू न शकणारी बाई मतपेटीपाशी सगळ्यांबरोबर उभी राहू शकली.

याच मातीला मिळून ठरवण्याचं वाईट रूपही ठाऊक आहे. वाळीत टाकणं हेसुद्धा मिळूनच होतं. जातपंचायतींनी माणसांना जातीबाहेर काढून त्यांच्या घरची लग्नं मोडली, अंत्ययात्रेला खांदा द्यायला माणूस मिळू दिला नाही. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी उभी केलेली अंधश्रद्धा निर्मूलन समिती त्याविरुद्ध लढली. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा केला, तो २०१७ पासून लागू आहे. म्हणून सगळ्यांनी ठरवलंय, एवढं सांगितलं की मान डोलावून चालत नाही. सभेला कोण बसलं होतं? नाही म्हणणाऱ्याला बोलता आलं का? ठरलेलं पुढच्या वर्षी बदलता येतं का? आणि सगळ्यांत मोठी गोष्ट, जे सभेला आलेच नाहीत त्यांचा विचार कुणी केला? ताप आलेलं मूल सभेला येत नाही. कानात बोळे घातलेल्या आत्याबाई येत नाहीत. परीक्षेचं पोर, बाळंतीण, दवाखान्यात वरच्या मजल्यावर सलाइन लावून पडलेला माणूस, यांपैकी कुणीही हात वर करायला येत नाही. त्यांच्या वतीने एखादा हात वर जातो का, यावर ती सभा किती शहाणी ते ठरतं.

कासच्या पठारावर हेच पाहायला मिळतं. पश्चिम घाटाबरोबर कासला २०१२ साली जागतिक वारशाचा मान मिळाला आणि फुलांच्या हंगामात गर्दी उसळली. फोटोसाठी फुलांत लोळणारी माणसं आम्ही पाहिली. मग दिवसाला किती माणसांनी यावं यावर मर्यादा आली, शुल्क आलं, आगाऊ नोंदणी आली. सातारकरांनी आधी कुरकुर केली, आमच्याच पठारावर आम्हालाच तिकीट म्हणून. पण तेरड्याची, सीतेच्या आसवांची फुलं कुठल्या सभेला येणार होती? त्यांच्यासाठी कुणी तरी बोललं म्हणून ती आज उमलतायत.

आता मुद्द्याची गोष्ट. डॉल्बीची चर्चा आपण दरवर्षी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, सुन्न कानांनी करतो. तोवर उशीर झालेला असतो. डॉल्बीची सुपारी त्याच्या कितीतरी आधी दिली जाते. विसार गेला की मंडळाची अडचण होते. पैसे अडकलेत, मग वाजवायलाच हवं. म्हणून सभा घ्यायची ती सुपारीच्या आधी, आणि एका मंडळाची नाही, एका रस्त्यावरच्या सगळ्या मंडळांची. त्या सभेत उपदेश नको, पर्यावरणावरचं भाषण नको. एकच विषय ठेवावा: या रस्त्यावरचं कोणतंही मंडळ या वर्षी डॉल्बी आणणार नाही, हलगी, लेझीम, झांज, ज्याला जे जमेल ते. हात सगळ्यांनी एकदम वर करावेत. आणि सभेला प्रत्येक मंडळाने आपल्या गल्लीतलं एक म्हातारं माणूस बरोबर आणावं. त्याने बोललं पाहिजे असंही नाही. तिथे बसलं तरी पुरे.

सुपारी अजून दिली नसेल तर या महिन्यातच सभा बोलवा.